तो पडला, त्याला कुणी पाडला नव्हता

दामू,

काल शाळेत तुझ्या दुखवट्याची सभा झाली. शाळेच्या कमिटीवरचे भाऊसाहेब अध्यक्ष होते. शाळाखात्याचा गोरा साहेब आला होता म्हणून भाऊसाहेब इंग्रजीत बोलले, आणि त्यांचं एकही क्रियापद चुकलं नाही.

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. तू आता शांत निजला आहेस असं सांगताना ते 'लाइज' म्हणाले, 'लेज' म्हणाले नाहीत. तू मुलांच्या विद्येचा पाया घातलास, तिथं बरोबर 'लेड' आलं. तू गरिबीतून वर आलास म्हणताना 'रोज', आणि मुलांना वर आणलंस म्हणताना 'रेज्ड'. साहेब मान डोलावत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुखवट्याच्या सभेत टाळ्या, दामू! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही क्रियापदं त्या तोंडात कुणी घातली, हे त्या सभेत दोघांनाच ठाऊक होतं. त्यांतला एक बोलत होता आणि दुसऱ्याला कुणी बोलू देत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले की पहिल्या इयत्तेला असा मेहनती शिक्षक पुन्हा मिळणं कठीण. पहिल्या इयत्तेला! मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारा माणूस पहिल्या इयत्तेवर कसा गेला, ते सांगायचं राहून गेलं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मला दोन शब्द बोलायचे आहेत." हेडमास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं, साहेबांना गाडी गाठायची आहे म्हणाले, आणि सभा संपली.

म्हणून ते दोन शब्द इथं लिहितो. तुला यातलं बहुतेक ठाऊक आहे. पण आजवर माझा संताप शेवटपर्यंत ऐकून घेणारा तूच होतास. दुसऱ्या कुणाला लिहू?

तुला क्रियापदांचं वेड कधी लागलं ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी तुझ्या शेजारी बसलो होतो. आपण कल्याणच्या शाळेत होतो. तपासणीला साहेब आला होता. त्यानं तुला उभं केलं आणि विचारलं, वर्गात आल्यावर तू काय केलंस? तू ताठ उभा राहून इंग्रजीत सांगितलंस की मी माझं पागोटं खुंटीला अडकवलं. फक्त 'हंग'च्या जागी 'हँग्ड' म्हणालास. साहेब खो खो हसला. "पागोट्याला फाशी दिलीस? त्यानं काय गुन्हा केला होता?" त्याचं काय बोलणं झालं ते मास्तरांनी वर्गाला मराठीत समजावून सांगितलं, आणि मग सगळा वर्ग हसला. मीही हसलो असेन. तू हसला नाहीस. घरी जाताना वाटेत बोलला नाहीस. तळ्याच्या पायरीवर बसून एवढंच म्हणालास, "विष्णू, वस्तू टांगली तर एक आणि माणूस टांगला तर दुसरं, हे आधी सांगायला काय झालं होतं यांना?"

तो प्रश्न तू पुढं जन्मभर विचारत राहिलास. मी गणिताकडे गेलो, तू इंग्रजीकडे. ठाण्याच्या शाळेत आपण दोघं लागलो तेव्हा तुझी ती रीत तयार झालेली होती. बाकीचे मास्तर मुलांकडून रूपं घोकून घ्यायचे: लाय, ले, लेन, ले, लेड, लेड. मुलं देवळातल्या घंटेसारखी वाजायची आणि परीक्षेत दोन्हींचा काला करायची. तू म्हणायचास, "अरे, हे मुलांना येतंच. त्यांना आईनं शिकवलंय. फक्त येतं हे त्यांना माहीत नाही."

आणि तू त्यांना मराठीतून द्यायचास. उठणं आणि उठवणं. पडणं आणि पाडणं. निजणं आणि निजवणं. शिकणं आणि शिकवणं. "आपण स्वतः उठलो तर राइज. दुसऱ्याला उठवलं तर रेज. तुझी आई 'मी बाळाला निजले' असं कधी म्हणते का रे? नाही ना? मग तू इंग्रजीत का म्हणतोस?" एकदा मी तुझ्या वर्गावरून जात होतो तर तू टेबलावर आडवा झालेला, पागोटं पोटावर, आणि मुलं एका सुरात ओरडतायत, "मास्तर लाइज! मास्तर लाइज!" मग तू उठलास, एका पोराची पाटी टेबलावर ठेवलीस, आणि म्हणालास, "आता मी काय केलं?" ती आरोळी हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेली. ते आले. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, असं त्यांनी तुला मुलांसमोर सुनावलं, आणि टेबल हे झोपण्यासाठी नाही हेही सांगितलं. तू "बरं" म्हणालास. दुसऱ्या दिवशी तू जमिनीवर झोपलास.

आता कोर्टाचं लिहितो.

मॅट्रिकच्या मुलांच्या कानावर साहेबाचं बोलणं पडावं म्हणून तू त्यांना जज्जसाहेबांच्या कोर्टात घेऊन जायचं ठरवलंस. मुलं आवरायला मदत हवी म्हणून मी बरोबर आलो. त्या दिवशी कळव्याच्या एका मिठागरातल्या माणसाचा खटला होता. गणपत नाव. त्याचा मुकादम मिठागराच्या बांधाखाली दगडावर डोकं आपटून मेला होता, आणि आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं अख्ख्या गावानं ऐकलं होतं. खुनाचा आरोप. पाहणारी एकच, ठकूबाई म्हणून एक म्हातारी, मीठ वाहायला होती. दुभाषी होते भाऊसाहेब. कोर्टात मान, गावात मान, आणि आपल्या शाळेच्या कमिटीवर.

म्हातारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती न घाबरता. म्हणाली, "माजे डोल्यांनी पायला ना. त्यो बांदावरशी परला. पाय घसरला नि परला खाली."

भाऊसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं, आणि 'पडला' याला 'फेल' म्हणायचं ते 'वॉज फेल्ड' म्हणाले. पाडला गेला!

मी गणिताचा माणूस, मला पटकन उमगलं नाही. पण तुझी बोटं माझ्या दंडात रुतली. जज्जसाहेबाची लेखणी थांबली. त्यानं मान वर करून विचारलं, "बाय हूम?" म्हणजे कुणी पाडला? आता भाऊसाहेब गोंधळले. 'बाय' म्हणजे जवळ, एवढं त्यांना येत होतं. ते म्हातारीकडे वळून म्हणाले, "बाई, साहेब विचारतात, जवळ कोण होतं?"

"जवल? गनप्या व्हता ना जवल."

"बाय गणपत," भाऊसाहेब म्हणाले.

साहेब लिहू लागला. आरोपीच्या पिंजऱ्यात गणपत उभा होता. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण आपलं नाव मात्र ऐकू आलं होतं. तो साहेबाकडे पाहून हात जोडून किंचित हसला. दामू, ते हसू मला अजून दिसतं. आपण फासाच्या दिशेनं एक पाऊल सरकलो, हे त्या माणसाला कळलंसुद्धा नाही.

तू उभा राहिलास. तुझा आवाज कोर्टात चिरकला. "साहेब, चूक होते आहे! बाई म्हणते तो पडला. त्याला पाडला असं ती म्हणाली नाही!" हे तू आधी मराठीत बोललास आणि मग इंग्रजीत. पट्टेवाला तुझ्या अंगावर धावला. मुलं बाकाखाली शिरायच्या बेतात. साहेब तांबडालाल. तू कोण, कुणाच्या परवानगीनं बोललास, कोर्टाचा अपमान केल्याबद्दल आत टाकीन, असं काय काय तो बोलला. तू बसला नाहीस. म्हणालास, मी इंग्रजीचा शिक्षक आहे, मला शिक्षा करा, पण बाईला पुन्हा विचारा.

साहेबानं लेखणी खाली ठेवली. मग त्यानं भाऊसाहेबांना गप्प राहायला सांगितलं आणि दुसऱ्या कारकुनाकरवी म्हातारीला विचारलं. ती वैतागली. "कितीदा सांगू? परला म्हंजे परला! असा!" आणि तिनं पिंजऱ्यातच एक पाय पुढं सरकवला, दोन्ही हात हवेत फेकले आणि मागच्या मागे कलंडली. कठड्याला धरून सावरली म्हणून बरं. "त्याला कोनी हात नाय लावला. गनप्या दोन हात लांब बसलेला बिडी ओढीत. वरडला तो, नि धावला उचलाया."

लोक हसले. साहेब हसला नाही. त्यानं लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली. कोर्टाचं काम अडवल्याबद्दल तुला माफी मागायला लावली, तीही तू मागितलीस. आणि भाऊसाहेबांना मुलांदेखत म्हणाला की ज्याला पडणं आणि पाडणं कळत नाही त्यानं या खुर्चीवर बसू नये.

गणपत सुटला. तो आणि ठकूबाई कळव्याला निघून गेले. तू इथंच राहिलास, आणि भाऊसाहेबही.

कमिटी बसली. परवानगीवाचून मुलांना कोर्टात नेलं. कोर्टात आरडाओरडा केला. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलतो. टेबलावर झोपतो. हे शेवटचं वाचताना हेडमास्तरांचा चेहरा गंभीर होता असं मी ऐकलं. एका माणसाचा जीव वाचवला, हे त्यात कुठंच नव्हतं. मॅट्रिकचा वर्ग तुझ्याकडून काढून घेतला आणि तुला पहिल्या इयत्तेवर मुळाक्षरं गिरवायला बसवलं. कमिटीवर भाऊसाहेब होते. ते तुझ्याविरुद्ध बोलले नाहीत म्हणे. बोलले नाहीत! तुझ्या बाजूनंही बोलले नाहीत. ज्या तोंडातून तो 'फेल्ड' निघाला, ते तोंड त्या दिवशी मिटलेलं होतं.

मी तुला म्हटलं, वर्तमानपत्रात लिहू. मुंबईला माझ्या ओळखीचा माणूस आहे. सबंध हकीकत छापून आणू. तू म्हणालास, "आणि भाऊसाहेबांची नोकरी जाईल. त्यांच्या घरी खाणारी तोंडं किती आहेत, माहीत आहे तुला?"

"आणि तुझ्या घरी?"

"माझी नोकरी आहे की."

इथपर्यंत मी सहन केलं. पण त्यानंतर महिन्याभरानं तू जे केलंस ते माझ्या आजही गळ्याखाली उतरत नाही. भाऊसाहेबांनी तुला घरी बोलावलं. जज्जसाहेबानं त्यांची परीक्षा घ्यायचं काढलं होतं, आणि ते धास्तावले होते. मला शिकव म्हणाले. फक्त गावात बोभाटा नको. आणि तू गेलास! रोज दिवेलागणीला, मागच्या दारानं. ज्यांनी तुझा वर्ग काढून घेऊ दिला, त्यांना तू तोच धडा शिकवायला जात होतास.

खाडीच्या वाटेनं फिरायला गेलो होतो तेव्हा आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "तुला लाज कशी वाटत नाही?"

तू खिशातले फुटाणे खात होतास. खाता खाता म्हणालास, "विष्णू, ते माझ्यासमोर पाटी घेऊन बसतात. पन्नाशीचा माणूस. पहिल्या दिवशी लिहिलेलं हातानं झाकत होते. मला म्हणाले, दामोदरपंत, मी लहानपणापासून नुसतं अंदाजानं बोलतो आहे, आणि रोज भीती वाटते की आज पकडला जाणार."

"मग त्या अंदाजापायी एक माणूस लटकला असता!"

"म्हणूनच शिकवतो ना. उद्या त्या खुर्चीवर तेच बसणार आहेत. पुढचा गणपत आला तर मी काय रोज कोर्टात जाऊन बसू?"

 तरी मी म्हटलं की त्यांनी निदान कमिटीत सांगावं, तुझा वर्ग परत द्यावा. तू म्हणालास, "सांगतील." तुला खरंच तसं वाटत होतं. तो तुझा स्वभाव होता, आणि त्या स्वभावाचा मला इतका राग येतो, इतका राग येतो, की तू समोर असतास तर आज पुन्हा भांडलो असतो.

ते त्या परीक्षेत पास झाले. कमिटीत काही बोलले नाहीत.

मग तुला ताप आला. पहिले काही दिवस तू तापातही त्यांच्याकडे गेलास, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. मग अंथरूण धरलंस. मी रोज येत होतो. आपण 'करणे' या क्रियापदावरून वाद घालत होतो, आठवतं? तुझ्या सगळ्या जोड्या जुळल्या होत्या. 'से' म्हणजे म्हणणं आणि 'टेल' म्हणजे सांगणं, हेही बसलं होतं. पण 'मेक' आणि 'डू' या दोहोंना मराठीत एकच 'करणे', आणि त्यानं तुला छळलं. मराठी माणूस स्वयंपाकही करतो, नमस्कारही करतो, उशीरही करतो. मुलांना फरक सांगायचा कसा? मी म्हणत होतो, नसेल जोडी तर घोकून घे. तू ऐकत नव्हतास. एका दुपारी डोळे मिटलेले असताना म्हणालास, "चुकीला ते मेक म्हणतात रे. उपकाराला डू म्हणतात. असं का?" मी म्हटलं, बरा हो, मग सांगतो. मला ठाऊक नव्हतंच. तू गेलास आणि तो वाद तसाच राहिला. परवा तुझ्या मुलांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मास्तरांनाही हे सापडलं नव्हतं, आणि त्यांना ते फार आवडलं.

भाऊसाहेब तुला बघायला आले नाहीत. गड्याबरोबर डाळिंबं पाठवली. तू त्यांतले दाणे खाल्लेस आणि म्हणालास, "गोड आहेत." मी ती टोपली उचलून खाडीत टाकणार होतो.

एवढं सगळं काल सभेत मला बोलायचं होतं. घरी आलो, जेवलो नाही. आज सकाळी वहिनींचा निरोप आला म्हणून तुझ्या घरी गेलो. त्या आतल्या दाराआड बसल्या होत्या. तुझा धाकटा भाऊ सदाशिव ओसरीवर. भाऊसाहेबांचा माणूस येऊन गेला होता. सदाशिवाला कोर्टात उमेदवार म्हणून काम शिकायला लावून घेतो, पुढं नोकरीचंही बघू, असा निरोप होता.

सदाशिव माझ्याकडे बघत होता. त्याला जायचं होतं. त्याचा चेहरा सांगत होता. मी काय सांगणार? घरात दुसरं मिळवतं माणूस नाही. मी म्हटलं, "वहिनी, माझा राग बाजूला ठेवतो. तुम्ही हो म्हणालात तर मी समजेन."

 दाराआडून वहिनींचा आवाज आला, अगदी शांत.

"विष्णूभाऊजी, हे तिकडून शिकवून आले की मला सांगायचे, आज भाऊसाहेबांना अमुक आलं, आज तमुक आलं. लहान मुलाचं सांगावं तसं. एक दिवस म्हणाले, आता ते सगळ्यांसमोर शिकवणारा म्हणून माझं नाव घेतील बघ. मी वाट बघत होते हो. यांच्यासाठी. काल सभेत तरी घेतलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगा. नोकरीचं नंतर. आधी शाळेत या, यांच्या मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलांसमोर उभे राहा, आणि तुम्हाला कुणी शिकवलं ते बोला. मराठीत बोललात तरी चालेल."

सदाशिव काही बोलायला गेला. त्या म्हणाल्या, "तू गप्प बस." दामू, या घरात इतक्या वर्षांत मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. मला तुझा हेवा वाटला आणि तुझी कीवही आली, की तू हा ऐकायला नव्हतास.

मी तडक भाऊसाहेबांकडे गेलो. पुढच्या दारानं. ते झोपाळ्यावर बसले होते, सुपारी कातरत. मला बघून उठले, बसा म्हणाले. मी बसलो नाही. वहिनींचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. अडकित्ता थांबला. 

"विष्णुपंत," ते म्हणाले, "काल सभेत ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण साहेब समोर बसलेला. आणि दामोदरपंतांनाही ते आवडलं नसतं. फार भिडस्त माणूस."

"त्यांना आवडलं असतं," मी म्हटलं. "ते त्यांच्या बायकोला ठाऊक आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं ते पाणी, मी खोटं म्हणणार नाही. तू असतास तर लगेच विरघळला असतास, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असतास, जाऊ द्या म्हणाला असतास. मी काही तू नाही. मी तसाच उभा राहिलो.

"मुलांसमोर?" त्यांनी विचारलं.

"त्याच मुलांसमोर. त्या दिवशी कोर्टात ती होती."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. झोपाळ्याची कडी उगाच हातानं धरली, सोडली. मग हळूच म्हणाले, "शाळा सुटते किती वाजता?"

मी त्यांना शाळा भरते किती वाजता, मुलं सगळी वर्गात कधी असतात, ते सांगितलं, आणि पायऱ्या उतरून आलो.